पळसाच्या पानातला घोट

तुमच्या पत्रात कुमुदनं विचारलं आहे की, नैरोबीला बाबांचे मित्र संध्याकाळी बाटलीतून बिअर पितात तसलं काही आपल्या देशात मिळतं का, आणि आजीनं ते कधी पाहिलं आहे का. त्याखाली वसंतानं आपल्या अक्षरात 'प्यायली आहे का' असं जोडलं आहे. तुमच्या आईनं ती ओळ खोडलेली दिसते, पण तिच्या शाईपेक्षा वसंताचं पेन्सिलीचं दाबून लिहिणं जास्त टिकलं.

बिअरविषयी मला फार सांगता येणार नाही. आमच्या शाळेच्या मिसबाई नाताळात आलं, साखर आणि लिंबू घालून काहीतरी मुरवत आणि त्याला जिंजर बिअर म्हणत. तेवढीच माझी बिअर. पण मी नुकतीच तुमच्या विनूकाकाकडे पश्चिम खानदेशात जाऊन आले, आणि तिथं दर मुक्कामी काही ना काही नवं प्यायला मिळालं. म्हणून या वेळी प्रवास पेयांच्या क्रमानं सांगते. वसंताच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात येईल. उडी मारून शेवट आधी वाचायचा नाही.

विनूकाका शहाद्याला आबकारी इन्स्पेक्टर आहे, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं काम काय, ते आता समजून घ्या. दारूच्या दुकानाला सरकारचा परवाना लागतो. त्या दुकानातून घेऊन प्यायली तर सरकारची हरकत नाही. घरी गाळली तर मात्र गुन्हा. असं घर सापडलं की विनूकाका मडकी फोडतो, दारू जमिनीवर ओतून देतो आणि घरच्या माणसाला कचेरीत उभं करतो. पहिल्या वेळी दंडावर सुटतं, दुसऱ्या वेळी तुरुंग. आपला विनू, जो लहानपणी झुरळालाही कागदावर घेऊन बाहेर सोडायचा, तो हे काम करतो.

नंदुरबार

गाडीतून उतरले तेव्हा होळी होऊन गेली होती आणि ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. विनू फलाटावर उभा होता. त्यानं आठवड्याची रजा काढली होती. कमरेचा सरकारी पट्टा त्यानं मुद्दाम घरी ठेवला होता, आणि ते मला दोनदा सांगितलं.

स्टेशनाबाहेर सोडावॉटरची गाडी होती. बाटलीच्या गळ्यात काचेची गोळी अडकवलेली असते. अंगठ्यानं ती आत ढकलली की सोडा फसफसून वर येतो. विनूनं ती ढकलली आणि अर्धा सोडा त्याच्या कोटावर गेला. उरलेला मी प्यायले. रस्त्यात उभं राहून बाईमाणसानं काही पिणं आमच्या नाशकात कुणी केलं नसतं. इथं कुणी पाहिलंसुद्धा नाही. बाटली रिकामी झाल्यावर ती गोळी फार सुंदर दिसायला लागली. हिरवट, आत एक बुडबुडा. वसंताला पाठवावी म्हणून मी सोडावाल्याकडे मागितली.

"ती गोळी बाटलीनी शे माय," तो म्हणाला, "नातूनी नही."

तर वसंता, गोळी का आली नाही ते तुला कळलं.

या भागात घरात आणि बाजारात अशीच अहिराणी बोलतात. आहे म्हणायचं तर शे, इथं म्हणायचं तर आठे, आला म्हणायचं तर उना. पहिले दोन दिवस मी कान टवकारून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी मला कळायला लागलं, आणि परत येताना मीच एका हमालाला "आठे ठेव" म्हणाले.

ब्राह्मणपुरी

सर्व्हिस मोटारीनं तापीच्या काठी आलो, नावेनं पलीकडे प्रकाशा गावी गेलो आणि पुढे बैलगाडीनं ब्राह्मणपुरीला. तिथल्या पाटलांचं घर विनूच्या ओळखीचं. काळी, सपाट, खोल जमीन. कपाशी निघून गेली होती, गहू खळ्यावर आले होते. उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता, आणि आम्हाला त्याच्या माथ्यावर, तोरणमाळला जायचं होतं.

पाटलीणबाई माझ्याच वयाच्या. आल्याबरोबर त्यांनी ज्वारीची आंबील दिली. ताकात शिजवलेलं पीठ, ठेचलेला लसूण आणि जिरं, माठाशेजारी ठेवून गार केलेलं. आमच्याकडे आंबील दुखणेकऱ्याला देतात. इथं शेतावर जाणारा माणूस ती तांब्याभर पिऊन निघतो. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. पाटलीणबाईंना त्याचा फार आनंद झाला. शहरातली बाई नाक मुरडील अशी त्यांची समजूत होती.

सकाळी त्यांच्या गड्यानं नाल्याकाठच्या शिंदीच्या झाडाची ताजी शिंदी आणली. ती पहाटे उतरवलेली असली तर नारळाच्या पाण्याहून गोड लागते. ऊन चढत गेलं की फेस येतो, आंबट होते आणि डोक्यात जाते. एकाच मडक्यातलं सकाळी मुलं पितात आणि दुपारी त्यांचे बाप. मी मुलांच्या वेळेत प्यायले. विनूनं मात्र मडकं आधी नाकाशी नेलं, मग झाड कुणाचं, परवाना कुणाचा, असं विचारायला सुरुवात केली. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो थांबला.

पाटलीणबाई तोंडाला पदर लावून मला म्हणाल्या, "बाई, तुम्हना लेक घर मा उना का आम्हनं ताकबी घाबरस."

विनू हसला. पण त्याला ते लागलं असावं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, मी कुठंही गेलो तरी लोक आधी झाकण लावतात आणि मग नमस्कार करतात."

चढाची वाट

डोंगराच्या पायथ्याशी गुमान नावाचा पावरा माणूस तट्टू घेऊन आमची वाट पाहत होता. पावरा म्हणजे या डोंगरात राहणारे शेतकरी लोक. त्यांची भाषा पावरी. खालच्या माणसांशी ते अहिराणीत बोलतात. गुमान पन्नाशीचा, सडपातळ, कानात चांदीच्या बाळ्या. तोरणमाळच्या सरकारी बंगल्याची देखभाल तो आणि त्याची बायको वेस्ती करतात.

विनूनं मला इंग्रजीत सांगितलं की, दोन वर्षांपूर्वी याचीच मडकी त्यानं याच वाटेवर फोडली होती. गुमानला इंग्रजी येत नाही, पण विषय त्याला बरोबर कळला. फोडलेल्या मडक्यांची जागा वाटेत आली तेव्हा त्यानं आपण होऊन दाखवली. "आठे साहेबनी मन्ही दारू ओती," तो म्हणाला. एखाद्यानं 'इथं गेल्या वर्षी वीज पडली' म्हणावं, तसं. विनू दुसरीकडे पाहायला लागला.

वाट खडी आहे. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तट्टूला कडेकडेनं चालायची सवय, आणि मी डोळे मिटून बसायची नवी सवय लावून घेतली. गुमानच्या खांद्याला वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा होता. त्यातलं पाणी माझ्या थर्मासातल्यापेक्षा गार होतं, हे कबूल करणं भाग आहे.

वाटेत मोहाची झाडं होती. मोहाला या दिवसांत पानं नसतात. पहाटे फुलं टपटप गळतात. बायका झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ ठेवतात आणि टोपल्या भरून फुलं वेचतात. मी एक तोंडात टाकलं. मनुकेसारखं, पण रसदार, आणि मागून एक उग्र वास. ही फुलं वाळवून हे लोक भाकरीबरोबर खातात, गुरांना घालतात, विकतात. आणि काही पाण्यात आंबवून चुलीवर ठेवतात. त्याची वाफ नळीतून काढून गार केली की दारू होते. हे शेवटचं गुमाननं सांगितलं नाही. विनूनं सांगितलं, अगदी बारकाव्यानं.

तोरणमाळ

वर पोचलं की हवाच बदलते. खाली अंगाची लाही होत होती, इथं संध्याकाळी शाल लागली. माथ्यावर एवढं मोठं तळं असेल असं मला वाटलं नव्हतं. काठाशी आंब्याची झाडं, पलीकडे गोरक्षनाथाचं देऊळ, आणि थोडं पुढं गेलं की जमीन एकदम संपते आणि खाली दरी. दोन दिवस आम्ही हेच पाहत हिंडलो. मी पहाटे उठून तळ्यावर जाई, नंतर चहा करी, नंतर लिहीत बसे. विनू पुष्कळ झोपला.

बंगल्यावर पाणी आणायला सेगी नावाची मुलगी येई. वय अठरा-एकोणीस, हातात चांदीची जाड कडी, चालणं असं की डोक्यावरचा हंडा हलत नसे. मी पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळते हे पाहून ती दारात बसून राही. एकदा ती काहीतरी बोलली आणि गुमान खो खो हसला. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ती म्हनस, माय पानी रांधस."

मी सेगीकडून एक गोष्ट पाहून ठेवली. ती ओंजळीनं पाणी पिई, पण त्याआधी थोडं जमिनीवर सोडी. एकदा विसरली, तर अर्ध्यात थांबून तिनं सोडलं. गुमान म्हणाला, आधी जुन्यांना द्यायचं. जुने म्हणजे गेलेली माणसं. भुईत असतात, त्यांनाही तहान लागते.

सेगी गुमानच्या घरची होणार होती आणि अजून झाली नव्हती. होळीआधी इथं मोठा बाजार भरतो. त्यात गुमानचा मुलगा रूपसिंग आणि सेगी एकमेकांना पसंत पडली आणि ती त्याच्याबरोबर निघून आली. आपल्याकडे अशानं घराचं तोंड काळं झालं म्हणतील. इथं तसं नाही, पण नंतर मुलीच्या बापानं येऊन बसावं लागतं, बोलणी व्हावी लागतात. तोवर सेगी गुमानच्या बहिणीच्या झोपडीत राहत होती. गुमाननं एवढंच सांगितलं. बाकीचं मला माझ्या पायामुळे कळलं.

पाय

उतरायचं होतं त्या सकाळी मी तळ्याच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरले. घोटा एवढा सुजला की चप्पल चढेना. खडा उतार तट्टूवरून उतरायचा म्हणजे रिकिबीत जोर द्यावा लागतो. विनूनं ठरवलं की आज निघायचं नाही. हे त्यानं गुमानला सांगितलं तेव्हा गुमाननं मान हलवली आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, माझी काळजी करतो आहे.

थोड्या वेळानं वेस्ती आली. पदराखाली पितळेची वाटी. तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि वाटीतलं कोमट पाणी चोळायला लागली. ते पाणी नव्हतं. सगळ्या खोलीत फुलांचा, धुराचा आणि आंबलेल्या फळांचा वास पसरला. तेवढ्यात विनू दारात आला.

"आई, कसला वास येतोय?"

"औषधाचा."

"कुणाचं औषध?"

"माझ्या पायाचं," मी म्हणाले.

तो व्हरांड्यात जाऊन बसला. तर बाळांनो, मोहाची दारू मी पहिल्यांदा पायानं प्यायले. गुण आला, हेही लिहून ठेवते.

वेस्ती माझा पाय सोडेना. मग तिच्या तोडक्यामोडक्या अहिराणीत सगळं बाहेर आलं. सेगीचा बाप खेमा आज येणार होता. पलीकडच्या डोंगरातून, आपल्या माणसांना घेऊन. साहेब आज सकाळी उतरणार हे धरूनच त्यांनी आजचा दिवस ठरवला होता. देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायची रक्कम, किती, गुरं किती, ते सगळं आधीच बोलून झालं होतं. आज फक्त दोन्ही बापांनी मोहाच्या दारूची धार भुईवर सोडायची आणि एकमेकांच्या हातून प्यायची. ती प्यायली की लग्न पक्कं. दुकानातली चालत नाही. मुलाच्या घरच्या फुलांची, मुलाच्या घरी गाळलेली लागते. आणि तोपर्यंत मुलीकडच्यांनी मुलाकडचं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही. खेमा चिडका माणूस. आज झालं नाही तर पोरीला हाताला धरून नेईन, असा त्याचा निरोप होता. दुसऱ्या पाड्यावरचा एक बिजवर त्यानं पाहूनही ठेवला होता.

दारू तयार होती. ती काढायची कशी? आबकारीचा साहेब समोर, आणि गुमान एकदा सापडलेला माणूस. साहेबाला जा म्हणणं तर पाहुण्याला हाकलणं झालं. वेस्तीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त माझा घोटा चोळत राहिली, ठणका थांबला तरी.

आंब्याखाली

दुपारी ते आले. बंगल्यासमोरच्या आंब्याखाली घोंगड्या पसरल्या होत्या, तिथं दहा-बारा माणसं बसली. मधे खेमा. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल फडकं, शेजारी धनुष्य. रूपसिंग सर्वांच्या मागे, मान खाली घालून. विनू व्हरांड्यात आरामखुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होता. पट्टा नव्हता, पण बूट होते. त्या बुटांकडे आंब्याखालची सगळी माणसं आळीपाळीनं पाहत होती.

कुणी काही बोलेना. मला हे शांत बसणं पाहवेना. पाहुणे आले की चहा, हा माझा शिरस्ता. मी मोठ्या पातेल्यात चहा केला आणि सेगीच्या हाती कपबश्यांचा ट्रे दिला. माझ्या घरचा चहा म्हणजे गुमानकडचा नव्हे, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण पाणी सेगीनं भरलेलं, लाकडं गुमाननं फोडलेली. खेमानं हात जोडले आणि कप परत केला. त्याच्या माणसांनीही एकेक करून परत केले. सेगी भरलेला ट्रे घेऊन पायऱ्या चढून आली तेव्हा पहिल्यांदा तिच्या हातातलं काही हललं. चहा बशीत सांडला. तिनं ट्रे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी बाहेर गेले आणि विनूला म्हणाले, "मला तळ्याला चक्कर मारायची आहे."

"पायाचं काय?"

"तट्टूचे पाय ठीक आहेत."

विनूनं वर्तमानपत्र खाली केलं. "आई, तुला काहीतरी कळलंय."

"मला एवढंच कळलंय की पलीकडची कमळं मी पाहिली नाहीत."

"पलीकडे कमळं नाहीत."

"मग ती नाहीत, एवढं पाहून येऊ."

तो उठला. त्यानं आंब्याकडे पाहिलं नाही. तट्टूचा लगाम धरून तो माझ्यापुढे चालायला लागला, आणि पाठ फिरवलेला माणूस किती मोठा दिसू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

पलीकडच्या काठाला आम्ही पुष्कळ वेळ बसलो. विनू पाण्यात खडे टाकत होता. काम झालं की ढोल वाजेल, असं वेस्तीनं सांगितलं होतं. ढोल वाजत नव्हता. ऊन कलायला लागलं.

"मी रजेवर आहे," विनू आपणहून म्हणाला, "पण डोळे रजेवर नसतात, आई. दिसलं तर मला काहीतरी करावं लागेल."

"म्हणून तर पाण्याकडे बघ," मी म्हणाले.

तेवढ्यात गुमान आला. पळत आला होता, पण आमच्याजवळ येताना हळू झाला. विनूसमोर उभा राहून तो जमिनीकडे पाहत बोलला, आणि सगळंच बोलला. दारू आंब्याखाली आणली आहे. खेमा पीत नाही. तो म्हणतो, माणसं बोलणीला बसली तेव्हा साहेब इथं होता. जो होता आणि प्यायला नाही, तो बाहेरचा राहिला. बाहेरचा माणूस उद्या वर येईल, मडकी फोडील, गुमानला घेऊन जाईल, आणि माझी पोर तुरुंगात गेलेल्याच्या घरात बसेल. साहेब प्यायला तर मी पितो. नाहीतर पोर घेऊन जातो.

एवढं बोलून गुमाननं हात जोडले. आपल्या घरात दारू आहे हे आबकारीच्या इन्स्पेक्टरला त्यानं स्वतः सांगितलं होतं.

विनूनं हातातला खडा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी कधी तोंडाला लावली नाही, गुमान. आणि आता लावली तर ही नोकरी मला करता येणार नाही." त्यानं रागानं म्हटलं नाही. गुमाननंही रागानं ऐकलं नाही.

मी म्हणाले, "तट्टू आण."

आम्ही परत आलो तेव्हा खेमाची माणसं उठून उभी होती. खेमा बसलेला होता, पण धनुष्य त्याच्या हातात होतं. त्याच्याशेजारी आता सेगी उभी होती, आपलं कापडाचं गाठोडं घेऊन. मधे फडक्यानं झाकलेला घडा आणि पळसाच्या पानांचे द्रोण. विनू झाडाच्या सावलीच्या बाहेर थांबला. मी तट्टूवरून उतरले आणि लंगडत जाऊन घोंगडीवर बसले. पुरुषांच्या मधे बसलेली मी एकटीच बाई होते. मी गुमानकडे हात केला.

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं एक द्रोण भरून माझ्या हातात दिला.

सेगी पाणी पिताना करायची तसं मी केलं. द्रोण तिरपा करून थोडी धार भुईवर सोडली. तुमच्या आजोबांची आठवण केली. त्यांना ती पसंत पडली असती की नाही, सांगता येत नाही. मग उरलेली प्यायले. एका घोटाचीच होती. आधी धूर लागला, मग जीभ भाजली, आणि सगळ्यात मागून, पाणी प्यायल्यावर, वाटेत खाल्लेलं ते फूल पुन्हा तोंडात आलं. मला ठसका लागला. कुणी हसलं नाही.

खेमानं माझ्याकडे पाहिलं. मग सावलीच्या बाहेर उभ्या असलेल्या विनूकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मला कळावं म्हणून तो अहिराणीत बोलला.

"माय पिनी," तो म्हणाला, "मंग पोऱ्याबी पिना."

त्याच्या माणसांपैकी एकजण पावरीत काहीतरी कुरकुरला. बहुधा, साहेब खुद्द का नको, असं. खेमानं विनूकडे बोट करून लांबलचक उत्तर दिलं आणि सगळं झाड हसायला लागलं. गुमानला हसू आवरेना, त्यामुळे अर्थ सांगायला वेळ लागला. खेमा म्हणत होता, या साहेबाला कशाला पाजता? यानं घडेच्या घडे भुईवर ओतले आहेत. आपल्या जुन्यांना याच्याइतकी कुणी पाजली नाही. ते सगळे याच्यावर खूश आहेत. हा कसला बाहेरचा?

विनूनं रुमाल तोंडाला लावला. पण त्याचे खांदे हलत होते.

मग खेमानं धनुष्य खाली ठेवलं. त्यानं धार सोडली, गुमाननं सोडली, आणि ते एकमेकांच्या हातून प्यायले. विनू त्या वेळी तळ्याकडे पाहत होता. ढोल वाजला तेव्हा तो वळला. सेगीचं गाठोडं वेस्तीच्या काखेत होतं.

सेगीनं काय करावं? ती थेट माझ्या खोलीत गेली, तो गार झालेला चहा तिनं पुन्हा तापवला आणि बापाला नेऊन दिला. खेमानं त्याचीही पहिली धार भुईवर सोडली. मग चाखून पाहिला, आणि गुमानमार्फत मला निरोप दिला की, चहा गोड आहे, पण चढत नाही.

उतार

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो. सेगीनं मला वाळलेल्या मोहाच्या फुलांची पुरचुंडी दिली. ती तुम्हाला पाठवली असती, पण फुलं पोस्टात कशी पोचतील याची खात्री नाही, आणि तुमच्या आईला काय वाटेल याची आहे.

अर्ध्या वाटेवर विनू माझ्या तट्टूजवळ आला. मग म्हणाला, "कशी होती?"

"कडक. धुरकट. मागून बरी."

"दुकानातल्यापेक्षा चांगली?"

"दुकानातली मी प्यायले नाही."

"मीही नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं ओततो आहे. कशी लागते हे कुणाला विचारलंच नव्हतं."

तर वसंता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. एक घोट. आईला वाचून दाखवताना सेगीचा भाग आधी वाचावा, म्हणजे तिला नीट समजेल.

पायथ्याशी ऊन पुन्हा अंगावर आलं. गुमान तट्टू घेऊन वर परतला होता, आणि बैलगाडी यायला अवकाश होता. विनूनं थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतला. माझ्या हातात द्यायच्या आधी त्यानं झाकण जरा तिरपं केलं, आणि थोडा चहा मातीत गेला.

"सांडला का रे?" मी विचारलं.

"हो," तो रस्त्याकडे पाहत म्हणाला. "हात हलला."